रेड्याचे प्रमाणपत्र

जुन्नर तालुक्यातील आळे येथे रेड्याची समाधी आहे. पैठणास ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले तोच हा रेडा, अशी श्रद्धा आहे. हल्ली संस्कारवर्गांत हरिपाठाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्रे वाटतात! अहो, शाळेतली घोकंपट्टी देवळात नेली म्हणजे का तिचे अध्यात्म होते? म्हणून तर त्या रेड्यानेही दाखविले! परवा माझा नातू पहिला आला आणि घरी येताच दारातल्या कुत्र्याला त्याने दगड हाणला. कथेत चाबूक बसतो रेड्याच्या पाठीवर, वळ उठतात ज्ञानदेवांच्या अंगावर. पैठणच्या पंडितांना वेद येत होते; वळ उठत नव्हते. आम्ही मंचरचे, आळे काही दूर नाही. दिवाळीच्या सुटीत नातवाला तिथे नेणार आहे, प्रमाणपत्र घरी ठेवून.