संगणक कुठे अडतो, ते आधी बघा



शाळेतल्या जुन्या संगणकांत हल्ली हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवतात. चांगलंच आहे. दहा वर्षांचं यंत्रसुद्धा त्यामुळे झटपट सुरू होतं. पण कधी कधी उलटं होतं. ड्राइव्ह बदलली, बटण दाबलं, आणि गाडी कंपनीच्या लोगोवर अडली ती अडलीच. मग दोन सल्ले हमखास मिळतात : "फॉरमॅट मारा" किंवा "मदरबोर्ड गेलाय, नवीन घ्या." माझ्या मते दोन्ही घाईचे. एकात मुलांचं काम आणि कार्यालयाची माहिती जाते, दुसऱ्यात शाळेचे पैसे.

आधी बघायचं ते हे, की संगणक नेमका कुठे थांबतो. लोगो दिसतो तेव्हा कारभार बायोसच्या हातात असतो, विंडोज अजून जागंच झालेलं नसतं. तिथेच सगळं गोठलं, बायोसची सेटिंगसुद्धा उघडेना, तर फॉरमॅट मारून बहुधा काही हाती लागत नाही. वीज बंद करा, वायर काढा, नवी ड्राइव्ह सोडवा आणि पुन्हा चालू करून बघा. आता बायोस उघडलं? मग मदरबोर्डला उगाच बदनाम करू नका. डेटा केबल बदला, दुसऱ्या पोर्टला लावून बघा. साटाची ही सात पिनांची केबल हात लागला तरी सैल होते, आणि बाहेरून नीटच दिसते!

ड्राइव्हचं नाव बायोसमध्ये दिसतंय, पण पुढे विंडोजची गोल ठिपकी फिरतच राहतात किंवा निळा पडदा येतो, तर गोष्ट वेगळी. जुन्या ड्राइव्हची नक्कल नवीवर केली असेल तर पहिल्यांदा नवी एकटीच जोडून चालू करा. दोन्ही एकदम जोडल्या की कोणती खरी, याचा घोळ होऊ शकतो. सेटिंगमध्ये साटा मोड बघा. विंडोज एएचसीआयवर बसवलेलं आणि बायोस आयडीईवर गेलेलं, असं असेल तर ते अडणारच. तसंच जीपीटी पद्धतीच्या ड्राइव्हवरून विंडोज सुरू व्हायला यूईएफआय लागतं, एमबीआर असेल तर जुनी लेगसी पद्धत.

पण सेटिंग आपोआप कशी बदलली? इथे मला सगळ्यात जास्त संशय येतो तो मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचा, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. जुन्या यंत्रात तो संपलेला असतो. ड्राइव्ह बदलायला वायर काढली की बायोस सगळं विसरून मूळ सेटिंगवर जातं. गुन्हा सेलचा, आळ ड्राइव्हवर. घड्याळात भलतीच तारीख दिसली की समजा, तो बदलायला हवा.

आता माझा खरा मुद्दा. हे काम आपण लॅबचं दार लावून का करतो? आठवीची मुलं संगणकाचे भाग पाठ करतात (आणि डब्यालाच सीपीयू म्हणतात, आपल्यासारखीच!), पण बिघाड कसा शोधायचा हे त्यांना कुणी दाखवत नाही. "पोरं बिघडवतील" ही भीती मला मान्य आहे. म्हणून डबा शिक्षकांनी उघडावा, पॉवर सप्लाय तर कुणीच उघडू नये. मुलांनी पडद्यावर काय आलं ते वाचावं आणि वहीत लिहावं : काय बदललं, काय झालं. एका वेळी एकच बदल. दोन एकदम केले तर कशाने सुटलं ते कळणार कसं? विज्ञानाच्या तासाला आपण हेच सांगतो ना?

आणि जुनी हार्ड डिस्क लगेच पुसू नका. तिच्यावर तारीख लिहून, नवी महिनाभर नीट चालेपर्यंत कपाटात ठेवा. भंगारात देताना मात्र पूर्ण पुसूनच द्या, त्यावर मुलांचे आधार क्रमांक आणि निकाल असू शकतात.