हे तुला कुणी सांगितलं?

मुलांनो, नऊचा पाढा तुम्हांला बोटांवर येतो का? येत नसेल तर आत्ताच करून बघा. दोन्ही हात समोर धरा, तळवे आपल्याकडे. नऊ चोक किती? डावीकडून चौथं बोट मिटा. मिटलेल्या बोटाच्या डावीकडे उरली तीन बोटं, उजवीकडे सहा. झाले छत्तीस! आहे की नाही गंमत?

माझ्या चौथीच्या वर्गात ही युक्ती एका मुलाने फळ्यापाशी येऊन दाखवली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी त्याची पाठ थोपटली, वहीत लाल शाईने 'शाब्बास' लिहिलं. आठ-दहा दिवसांत सगळी शाळा बोटं मिटून नऊचा पाढा म्हणू लागली. मग एका मधल्या सुट्टीत कुणीतरी सहज बोलून गेलं, "बाई, त्याला ती युक्ती मागच्या बाकावरच्या तिनं शिकवली होती." 'तिनं' म्हणजे कुणी, ते मला लगेच कळलं. कमी बोलणारी, दोन वेण्या घट्ट बांधून येणारी ती पोर. पण तोवर दसरा होऊन गेला होता आणि ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला निघून गेली होती.

मला फार चुटपुट लागली. त्या मुलाची तरी काय चूक? मी त्याला विचारलंच कुठे होतं? एवढा साधा प्रश्न : हे तुला कुणी सांगितलं?

आज हाच प्रश्न घेऊन आपण मोठ्यांच्या वर्गात जाऊ या. शास्त्रज्ञांच्या वर्गात, बरं का! तिथे या प्रश्नाचं उत्तर लिहून द्यावंच लागतं.

शास्त्रज्ञाला प्रयोग करताना काही नवं सापडलं, की तो ते लिहून काढतो आणि शास्त्रज्ञांच्या नियतकालिकाकडे पाठवतो. या लेखाला म्हणतात शोधनिबंध. 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध आपण मनाने लिहितो, तसा हा लिहून चालत नाही. काय केलं, कसं केलं, किती मोजलं, सगळं सांगावं लागतं. आणि शेवटी असते एक यादी. ही पद्धत अमक्याच्या निबंधातून घेतली, ही माहिती तमक्याने आधी शोधली होती, अशी. यादीतल्या प्रत्येक नोंदीला म्हणू या 'उल्लेख'. उल्लेख म्हणजे एका शास्त्रज्ञाने दुसऱ्याचं मानलेलं ऋणच.

आता हे उल्लेख मोजले तर? अमेरिकेतल्या युजीन गारफील्ड यांच्या डोक्यात हेच आलं. वकिलांकडे एक सूची असे. कोणत्या जुन्या निकालाचा आधार पुढच्या कोणत्या खटल्यांत घेतला, ते तीत सापडे. तशीच सूची गारफील्ड यांनी विज्ञानासाठी करायची ठरवली आणि १९६४ पासून ती नियमित निघू लागली. कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कुणी कुणी केला, हे एका जागी सापडू लागलं. आज हे काम संगणक करतात. शास्त्रज्ञाने किती निबंध लिहिले आणि त्यांना किती उल्लेख मिळाले, हे बघून नोकरी, बढती, पैसा ठरवताना त्याचं माप काढलं जातं. तुमचं प्रगतिपुस्तक असतं ना, तसंच म्हणा!

मग या परीक्षेत पहिला नंबर कुणाचा? मानाचं स्थान अमेरिकेतल्या ऑलिव्हर लाउरी यांच्या १९५१ सालच्या निबंधाचं. २०१४ साली मोजणी झाली, तेव्हा त्याचे उल्लेख भरले तीन लाखांवर! एखादा मोठा रोग बरा केला होता का त्यांनी? छे! द्रवात प्रथिनं किती आहेत, हे मोजायची एक सोयीची रीत त्यांनी सांगितली होती. औषध घालायचं, निळा रंग येतो. रंग जितका गडद, तितकी प्रथिनं जास्त. जगभरच्या प्रयोगशाळांत ही रीत कामाला आली आणि जो तो लाउरींचं नाव लिहू लागला. स्वतः लाउरी मात्र हा आपला फार थोर निबंध आहे असं मानत नसत.

म्हणजे बघा, घरात सर्वांत जास्त हाताळली जाणारी वस्तू म्हणजे पाणी प्यायचा पेला. तो रोज लागतो. पण म्हणून तो घरातली सर्वांत मौल्यवान वस्तू ठरतो का?

आता याच्या उलटी गोष्ट ऐका. ही आपल्या देशातली आहे.

शंभुनाथ दे यांचा जन्म १९१५ साली बंगालमधल्या हुगळी जिल्ह्यात, गरीबाटी गावी झाला. घरची परिस्थिती बेताची. ते कलकत्त्याला, म्हणजे आजच्या कोलकात्याला, शिकून डॉक्टर झाले, लंडनला जाऊन त्यांनी पीएच.डी. मिळवली आणि १९४९ साली परत येऊन कॉलऱ्याच्या मागे लागले.

कॉलरा म्हणजे पटकी. तुमच्या पणजीच्या वेळी गावात पटकी आली की लोक म्हणायचे, मरीआईचा कोप झाला. सकाळी धडधाकट असलेला माणूस जुलाब-उलट्यांनी रात्रीपर्यंत दगावायचा. या रोगाचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यातच रोग्यांमध्ये ओळखला होता. तो दिसतो स्वल्पविरामासारखा, वाकडा. पण हा एवढासा जंतू माणसाच्या अंगातलं पाणी बाहेर काढतो तरी कसा? पंचाहत्तर वर्षं झाली तरी याचं नेमकं उत्तर हाती नव्हतं. जंतूंचं विष रक्तात भिनत असेल, या समजुतीने कितीतरी जण ते प्राण्यांच्या रक्तात टोचून बघत होते.

दे यांनी साधा विचार केला. रोग आतड्याचा, तर बघायचंही आतड्यातच! त्यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा जागच्या जागी दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधला आणि त्या बंद नळीत कॉलऱ्याचे जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी ती नळी पाण्याने टम्म फुगलेली! दे आणि त्यांचे सहकारी चटर्जी यांनी हे १९५३ साली प्रसिद्ध केलं.

पुढची पायरी त्याहून मोलाची. जंतू ज्या द्रवात वाढवले होते तो द्रव दे यांनी गाळून घेतला, इतका की त्यात एकही जंतू उरला नाही. मग नुसता तो द्रव आतड्यात सोडला. तरी आतडं फुगलंच! म्हणजे जंतू एक विष सोडतो आणि ते विषच आतड्यात पाणी ओढून आणतं. 'नेचर' या विख्यात नियतकालिकात ३० मे १९५९ रोजी हा निबंध आला. जेमतेम दोन पानांचा!

तुम्हांला वाटेल, आता उल्लेखांचा पाऊस पडला असेल. कसला पाऊस नि काय! कितीतरी दिवस त्या दोन पानांकडे फारसं कुणी वळूनही बघितलं नाही. गंमत अशी, की त्याच १९५९ साली मुंबईत परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये दत्ता, पानसे आणि कुलकर्णी या शास्त्रज्ञांनीही सशाच्या पिल्लांवर प्रयोग करून कॉलऱ्याच्या विषाचा पुरावा मांडला होता. कलकत्ता आणि मुंबई, दोन्हीकडून एकच बोट एकाच दिशेला! १९६९ साली अमेरिकेत ते विष शुद्ध रूपात वेगळं काढण्यात आलं. हळूहळू जगाला उमगलं, की या वाटेवरचा मैलाचा दगड दे यांनी रोवला होता.

मग १९७८ साली स्वीडनमध्ये नोबेल संस्थेतर्फे कॉलऱ्यावर परिषद भरली, तिचं दे यांना आमंत्रण आलं. नोबेल मिळालेल्या जोशुआ लेडरबर्ग यांनी त्या पारितोषिकासाठी त्यांचं नाव एकाहून अधिक वेळा सुचवलं. ते काही मिळालं नाही. आपल्या देशातल्या कोणत्याही विज्ञान अकादमीनेही त्यांना सदस्य करून घेतलं नाही. १९८५ च्या एप्रिलमध्ये दे वारले. आणि दुसऱ्याच वर्षी, १९८६ साली, त्याच गारफील्ड यांनी आपल्या सूचीवरून कॉलरा-संशोधनाचा जणू नकाशाच मांडला. कोण कुणाचं नाव घेतं, याचे धागे मागे मागे नेले, तर ते पोचत होते शंभुनाथ दे यांच्यापाशी! त्यांच्यावर गारफील्ड यांनी लेख लिहिला. तो वाचायला दे नव्हते.

मुलांनो, अलीकडे शास्त्रज्ञांना एक अंकही देतात. २००५ साली हर्श नावाच्या शास्त्रज्ञाने तो सुचवला. ज्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी निदान दहा उल्लेख, त्याचा अंक दहा. सोपं आहे ना? आता मला एक गणित सोडवून द्या. एका शास्त्रज्ञाने आयुष्यात एकच निबंध लिहिला आणि त्याला मिळाले हजार उल्लेख. त्याचा अंक किती?

बरोबर, एक! फक्त एक!

म्हणून मोजू नये का? जरूर मोजावं. दे यांचा माग त्या मोजणीमुळेच तर पक्का लागला. पण माप म्हणजे माणूस नव्हे. शेराच्या मापाने धान्य मोजता येतं, त्याची चव नाही मोजता येत. आणि उशिरा मोजलेलं धान्य काही कमी दाण्यांचं नसतं.

आता आमच्या वर्गाकडे वळते. गुढीपाडवा झाल्यावर ती मुलगी गावी परतली. उन्हाने काळवंडली होती, हाताला उसाच्या पाल्याचे ओरखडे होते. मी तिला फळ्यापाशी बोलावलं आणि सगळ्या वर्गाला सांगितलं, "बोटांवरचा नऊचा पाढा आपल्या शाळेत हिने आणला. मी तेव्हा विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही." आधी टाळ्या मिळालेल्या त्या मुलानेच पहिली टाळी वाजवली. ती मात्र मान खाली घालून हळूच म्हणाली, "बाई, मला आजीनं शिकवला."

बघा! तिने उल्लेख केला. कुणी न सांगता.

आईबाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठीही. मूल शाळेतून आलं की आपण विचारतो, किती मार्क मिळाले? तो प्रश्न राहू द्या. त्याच्या जोडीला आणखी एक विचारून बघा : आज कुणाकडून काय शिकलास, आणि तू कुणाला काय सांगितलंस? याचे मार्क प्रगतिपुस्तकात नसतात.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी या आठवड्याचा उद्योग. वहीचं एक पान घ्या. मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा, मला काय येतं. सायकल, पतंगाला कण्णी बांधणं, भाकरी थापणं, काहीही. उजवीकडे लिहा, ते कुणी शिकवलं. पान भरलं की त्यातल्या निदान एकाला जाऊन सांगा, की तुमचं नाव माझ्या यादीत आहे.

लवकर सांगा हं. उशीर करू नका.

तुमची,
बाई