कुत्री राखणारा माणूस

परवा लातूरला मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "तुम्ही नांदेडला काय करता?" मी तोंड उघडायच्या आत आमच्या भाऊजींनी उत्तर देऊन टाकलं, "त्यांचं ते प्राण्यांचं सामाजिक काम असतं." मी मुकाट्याने वरण-भात कालवत बसलो. नंतर मावशीने बाजूला घेऊन सरळच विचारलं, "खरंच लोकांचे कुत्रे राखायलास का रे?"

होय मावशी, राखायलोय. आणि त्याचे पैसे घेतो.

२०२०च्या टाळेबंदीत दुकानातली हिशेबाची नोकरी गेली. पुढे गाड्या सुरू झाल्यावर शेजारच्यांना पुण्याला जायचं होतं, त्यांचा लॅब्रॅडॉर आठ दिवस आमच्या मागच्या अंगणात राहिला. परत आल्यावर त्यांनी बळेच हातावर पैसे ठेवले. तिथून हा धंदा सुरू झाला. आता दिवसाला ३५० रुपये घेतो, आणि एका वेळी चारच कुत्री. लग्नसराईत आणि दिवाळीत जागा नसते, पितृपक्षात अंगण रिकामं. वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला चौदा-पंधरा हजार येतात. त्यातून खाणं, फिनेल, गोचिडांची औषधं वजा जाता नऊ-दहा हजार उरतात. बायकोच्या शिवणकामाची जोड आहे म्हणून घर चालतं. एकट्या या कमाईवर चालेल असं कुणाला सांगणार नाही.

पूर्वी हा धंदा का नव्हता? कारण घराला कुलूपच लागत नव्हतं. गावाला चार जण गेले तरी आजी, चुलती, नाहीतर सालगडी घरी असायचाच. आता मुलं पुण्या-हैदराबादला. कुणाचं लेकरू बारावीला लातूरला शिकवणीत, आणि त्याच्या डब्यासाठी आईही तिकडेच खोली करून. अशा घरातलं कुत्रं कुठं ठेवायचं?

बरं, आपला भाग कुत्र्याला परका नाही. चाकूर तालुक्यातलं जानवळ कारवानी आणि पश्मी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. लोह्याजवळच्या माळेगावच्या यात्रेत घोडे, गाढवं, लाल कंधारी बैल यांच्याबरोबर श्वानांचंही प्रदर्शन भरतं. लहानपणी वडिलांचं बोट धरून मी तिथे लांब पायांची, पाठ-पोट एक झालेली कुत्री बघत उभा राहायचो. खंडोबाबरोबर कुत्रं असतंच. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य आपण कुत्र्याला घालतोच की. म्हणजे कुत्र्याला मान आहे, विकणाऱ्याला दाम आहे. चांगल्या पिल्लाला हजारो रुपये मोजताना कुणी का-कू करत नाही. घासाघीस सुरू होते ती सांभाळणाऱ्याशी. "नुसतं बघायचंच तर आहे, त्याचे काय साडेतीनशे?"

नुसतं बघायचं म्हणजे काय, ते सांगतो. एका मे महिन्यात बारा वर्षांचा एक जाड पग माझ्याकडे होता. नांदेडचा मे म्हणजे पारा बेचाळीसच्या पुढे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं, आणि चपट्या नाकाच्या पगला तेही नीट जमत नाही. दुपारी दोनला त्याच्या धापेचा आवाज बदलला. तेवढंच. आवाज बदलला, एवढंच झालं होतं. त्याला पंख्याखाली घेतलं, साध्या पाण्याने पोट आणि पाय भिजवले आणि रिक्षा करून डॉक्टरांकडे पळालो. मालक तिरुपतीला रांगेत, फोन बंद. सलाईन लागलं, बिल मी भरलं, रात्र त्याच्याजवळ बसून काढली. पग वाचला.

मालक आले, बिलाचे पैसे त्यांनी दिले. पण मग शांतपणे म्हणाले, "दोन दिवस त्याने खाल्लं नाही ना? मग तेवढे कमी करा."

मी कमी केले! भांडायला हवं होतं, पण भिडेखातर केले. त्याची चुटपुट अजून आहे.

पंगतीतले ते पाहुणे नंतर म्हणालेच, "आईबापाला बघायला माणूस नाही, आणि कुत्र्याला रोज साडेतीनशे!" टाळी घेणारं वाक्य आहे. पण म्हाताऱ्यांकडे बघायला ठेवलेल्या बाईलाही आपण हेच ऐकवतो, "नुसतं बसूनच तर राहायचंय." सांभाळणं चांगलं झालं की दिसण्यासारखं काहीच घडत नाही. जे दिसत नाही त्याची मजुरी द्यायला आपला हात आखडतो. म्हाताऱ्यांना बघणाऱ्या बाईचा आणि माझा मालक वेगवेगळा नाही, हिशेब एकच आहे.

अर्थात पैसे मागायचे तर कामही तसंच हवं. रेबीजच्या लसीचं कार्ड बघितल्याशिवाय मी कुत्रं घेत नाही, कारण एकदा लक्षणं दिसली की त्या रोगावर उपाय उरत नाही. मी स्वतःही लस टोचून घेतली आहे. चावलंच तर पंधरा मिनिटं साबणाने जखम धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा, हे घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. कांदा, मनुका, चॉकलेट कुत्र्याच्या तोंडाजवळ जात नाही. आणि पगच्या प्रकरणानंतर एक कागद केलाय. दर, डॉक्टरचा खर्च, दुसऱ्या नातेवाइकाचा नंबर, सगळं त्यावर लिहून खाली सही. काही लोक तो कागद बघून परत गेले. जाऊ द्या.

असो. हे वाचणाऱ्या लातूरकर पाहुण्यांना, विशेषतः भाऊजींना, एकच विनंती. पुढच्या लग्नात कुणी विचारलं तर सामाजिक काम वगैरे सांगू नका. "कुत्री सांभाळतो, दिवसाला साडेतीनशे घेतो," असं सांगा. काय सांगावं, एखादं गिऱ्हाईकही मिळेल.