मॅन्सन खटला : एक प्रत्युत्तर




पंथगुरू मॅन्सन व त्याच्या अनुयायी मुलींवरील लॉस एंजेलिसच्या खून-खटल्याचा निकाल अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आणि वृत्तपत्रांनी आधीच लावून टाकला होता, हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा आक्षेप वरवर सयुक्तिक वाटला, तरी खटल्याचे दप्तर त्यास दुजोरा देत नाही. स्वतः वकील असलेल्या राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 3 ऑगस्ट 1970 रोजी, साक्षी चालू असताना, आरोपीस दोषी म्हणावे हा प्रमाद खराच; परंतु दुसऱ्या दिवशी त्या विधानाचा वृत्तपत्री मथळा ज्यूरीपुढे फडकावला तो खुद्द मॅन्सननेच (चोराच्या उलट्या बोंबा, दुसरे काय!), आणि न्यायमूर्ती ओल्डर यांनी ज्यूरीच्या सभासदांकडे विचारपूस केल्यावरच खटला रद्द करण्याची मागणी फेटाळली.

आता मॅन्सनच्या अनुयायी मुली 'मंत्रमुग्ध' होत्या, या सबबीविषयी. माफीची साक्षीदार लिंडा कासाबियन ही त्याच कंपूतली, खुनांच्या दोन्ही रात्री मोटारीतून बरोबर गेलेली. तथापि दुसऱ्या रात्री व्हेनिस भागात एका नटाच्या खुनाचा हुकूम झाला असता, तिच्याच जबानीप्रमाणे, तिने जाणूनबुजून भलत्याच बिऱ्हाडाचे दार ठोठावले, आणि तो नट वाचला. एकाच गुरूच्या छायेत राहून एकीला जे सुचले, ते इतरांना सुचणे अशक्य होते, असे मला तरी म्हणवत नाही.

अन्यायाचीच गोष्ट काढावयाची, तर आरोपींना झालेली 1971 ची देहान्ताची शिक्षा पुढल्याच वर्षी जन्मठेपेत परिवर्तित झाली. आरोपी मुलींपैकी लेस्ली व्हॅन हाउटेन हिला फेरसुनावणीही मिळाली, आणि 2023 साली ती पॅरोलवर सुटली.

आपला,
एक वाचक