अल्बममध्ये नसलेली आठवण

मैत्रिणींनो, दिल्ली-नोएडातल्या लग्नात अंतरपाट सरकला की सगळे मोबाईल वर जातात. फोटो भरपूर मिळतात, पण नवरीच्या मनातलं त्यात कुठे असतं?

रमाबाई रानडे यांचं लग्न १८७३ मध्ये झालं. त्या ११ वर्षांच्या, महादेव गोविंद रानडे ३१ वर्षांचे. रमाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. लग्नानंतर लगेच पतीनेच शिकवायला सुरुवात केली. घरातल्या बायकांचा विरोध सोसून त्या शिकल्या. म्हणूनच त्या लग्नाची आठवण १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात त्यांना स्वतः सांगता आली.

आपल्याला तर लिहिता येतं! निघताना बाबा काय बोलले, कोणत्या मैत्रिणीने डोळे पुसले, हे आजच एका कागदावर लिहा आणि अल्बममध्ये ठेवा.