मार खाल्ला म्हणून शिकलो?



शाळेत मार बंद झाला आणि मुले हाताबाहेर गेली, असा सूर आमच्या जांबोटी भागात वरचेवर निघतो. "गुरुजींच्या छडीनं हात सुजायचे, म्हणून तर पावकी-निमकी अजून तोंडपाठ आहे," असे बसथांब्यावर जाणती माणसे सांगतात. त्यांचा अनुभव खोटा नाही, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष कच्चा आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. विदिता वैद्य आणि सहकाऱ्यांचे उंदरांवरील एक संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. नवजात पिल्लांना रोज काही तास आईपासून दूर ठेवले होते. तरुणपणी हेच उंदीर ताणाखालच्या चाचण्यांत सरस ठरले. मध्यम वयात मात्र त्यांची स्मरणशक्ती इतरांपेक्षा ढासळली. याचा माग जनुकांच्या पातळीवर लागला. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो आणि त्यांवरच्या रासायनिक खुणांनुसार जनुक चालू राहते किंवा दबते. जनुक स्वतः बदलत नाही. या उंदरांत मेंदूच्या पेशींना पोसणाऱ्या बीडीएनएफ या प्रथिनाच्या जनुकावर दाबणाऱ्या खुणा तरुणपणी कमी होत्या, मध्यम वयात त्या वाढल्या.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे आणि ताटातूट म्हणजे छडी नव्हे, हे मान्य. पण ताणाचा लाभ आधी दिसू शकतो आणि वसुली मागाहून होऊ शकते, एवढे यातून नक्की कळते. शिवाय माराच्या धास्तीने ज्यांनी शाळाच सोडली, ते पावकी म्हणून दाखवायला येत नाहीत.

दुसरी बाजूही पाहावी. अमेरिकेतील एमआयटीच्या ली-ह्वे त्साई यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले, की मेंदूच्या पेशी नष्ट झालेले उंदीरही खेळणी, चाके आणि सोबती असलेल्या पिंजऱ्यात ठेवल्यावर पुन्हा शिकू लागले. तिथेही हिस्टोनवरच्या खुणा बदलल्या होत्या.

भर पावसात वाडीवरून चालत येणाऱ्या पोराच्या वाट्याला ताण आधीच पुरेसा असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारासोबत मानसिक छळालाही मनाई केली आहे. चारचौघांत "ढ" म्हणणे त्यातच मोडते. प्रत्येक गावच्या शाळा विकास व देखरेख समितीने (एसडीएमसी) हे कलम पालकसभेत वाचून दाखवावे आणि "दोन ठेवून द्या, गुरुजी" अशी मुभा देणाऱ्या पालकांनाही तिथेच थांबवावे.

– एक निवृत्त शिक्षक, जांबोटी (ता. खानापूर)