गोणीवरचा आकडा आणि मेंढीचे पोट



आमची सरकी कापसाबरोबर मातीमोल जाते आणि पेंड होऊन चढ्या भावाने दारात परत येते. ही लूट जुनीच. पण खाद्याच्या गोणीवर 'प्रथिने' म्हणून जो आकडा छापतात, तोही एकदा तपासा.

कृषी महाविद्यालयात आम्हीही तो घोकला. खाद्यातला नत्र मोजायचा आणि ६.२५ ने गुणायचा, झाली प्रथिने! या हिशेबात एक किलो युरियाही २.८७ किलो प्रथिने ठरतो.

कागद फसतो, मेंढीचे पोट फसत नाही. तिच्या पहिल्या पोटातले जिवाणू प्रथिने फोडून अमोनिया करतात आणि त्यावरच वाढतात. पुढे हेच जिवाणू पचून मेंढीला प्रथिने मिळतात. पण वाढायला त्यांना चाऱ्या-दाण्याची ताकद लागते. ती कमी पडली की अमोनिया रक्तात उतरतो, यकृत त्याचा युरिया करते आणि आमचा पैसा मुतावाटे वाहून जातो. युरिया अति झाला तर मेंढी दगावते.

नुसत्या कडब्यावर जिवाणू उपाशी राहतात. थोडी सरकी पेंड मिळाली की तोच कडबा जास्त पचतो. म्हणून पेंड हवीच, आंधळा आकडा नको. खाद्यात युरिया किती, हे प्रत्येक गोणीवर ठळक मराठीत छापा! हा ठराव याच बैठकीत करू या.